धुरांड्यातली नळी

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात चूल कुठे आहे हे विचारावं लागत नाही. मान वर केली की कळतं. किलचनाचा (कड्यांवर अंथरलेल्या लाकडांचा) रंग तेवढ्या भागात काळा पडलेला असतो, छताच्या लाकडी कडीच्या पोटाला काजळीचा तुकतुकीत थर चढलेला असतो, सान्याच्या (छपरातल्या उजेडाच्या भोकाच्या) कडेची जळमटंसुद्धा काळी झालेली असतात. धुरानं लाकडाला कीड लागत नाही हे खरं. पण तोच धूर सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीतही साठतो, आणि तिथे तो काहीच राखत नाही.

गॅस आला, २०१६ नंतर तर गावोगाव आला. तरी खानदेशातली चूल विझलेली नाही. खापरावरचे, म्हणजे मातीच्या मोठ्या भांड्यावरचे, मांडे गॅसच्या शेगडीवर होत नाहीत. पालथ्या खापराला सगळीकडून सारखी आच लागते, ती पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावरच मिळते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, आंघोळीचं पाणी, लग्नाआधीचे दोन-तीन दिवस, या सगळ्याला चूल लागतेच. वांगी भाजायची असली तर ती उघड्यावर काड्यांच्या जाळात भाजली जातात, त्या धुराची तक्रार कोणी करत नाही. प्रश्न घरातल्या चुलीचा आहे, आणि तो प्रश्न धुरांड्याचा आहे.

सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. त्या काळात बसवलेल्या कितीतरी चुली पहिल्या एक-दोन वर्षांतच धूर परत घरात सोडू लागल्या आणि लोकांनी त्यांचे पाइप काढून टाकले. दोष बहुतेक वेळा चुलीचा नव्हता, पाइपाचा होता. हिशोब सोपा आहे. ३ इंची पाइपाचं तोंड साधारण ७ चौरस इंच भरतं. आतून सगळीकडे अर्धा इंच काजळी बसली की ते २ इंची होतं आणि उरतात फक्त ३ चौरस इंच. निम्म्याहून जास्त वाट बंद. ४ इंची पाइपात तेवढीच काजळी बसली तरी ७ चौरस इंच मोकळे राहतात, म्हणजे नवा ३ इंची पाइप जेवढा असतो तेवढे. घरच्या दोन वैलांच्या (भांडी ठेवायच्या तोंडांच्या) चुलीला ४ इंचापेक्षा कमी नळी लावूच नये असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. लोखंडी स्टोव्ह असेल तर त्याच्या मागच्या तोंडाचं जे माप, तेच शेवटपर्यंत. मध्ये कुठेही बारीक करायचं नाही.

धूर वर जातो तो नळीतल्या गरम हवेच्या हलकेपणामुळे. बाहेर ३५ अंश, नळीत सरासरी २०० अंश आणि नळीची उंची १० फूट असेल, तर ओढ भरते जेमतेम १२ पास्कल. पाण्याच्या सव्वा मिलिमीटर उंचीचा दाब, बस. एवढ्याशा ओढीवर सगळा कारभार चालतो. नळीतला धूर १०० अंशांपर्यंत निवला तर ही ओढ बरोबर निम्मी होते. म्हणून धुरांड्याचं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरतं: नळी गरम राहिली पाहिजे. वाकण, सांधा, जाडी, गुंडाळण, टोपी, काहीही ठरवताना हा एकच प्रश्न विचारायचा, यानं धूर निवेल का?

ज्या घरात विटांचं जुनं धुरांडं आहे तिथे हा प्रश्न जास्त टोकदार होतो. गवंडी सहसा आतून ९ बाय ९ इंचाची पोकळी ठेवतो. म्हणजे ८१ चौरस इंच. चुलीतून येणारा धूर १२-१३ चौरस इंचांच्या वाटेनं येतो आणि एवढ्या मोठ्या हौदात शिरतो. मंदावतो, विटांना उष्णता देऊन बसतो, निवतो, आणि डांबर होऊन भिंतीला चिकटतो. त्यात आपली काळी माती. चैत्र-वैशाखात ती भेगाळते, आषाढात फुगते, आणि तिच्यावर पुरेसा पाया न घेता उभं केलेलं धुरांडं दरवर्षी थोडं इकडे, थोडं तिकडे होतं. सांध्यांना केसासारख्या भेगा पडतात. भिंतीवर पिवळसर-तपकिरी ओघळ दिसू लागला, त्याला जळक्या डांबराचा वास आला, की समजावं आतला रस बाहेर झिरपतोय. वरून गिलावा मारून हे थांबत नाही. पुढच्या पावसाळ्यात भेग परत उघडते.

इथे उपाय एकच: विटांच्या आत वेगळी धातूची नळी, म्हणजे लायनर. विटा नुसतं कवच म्हणून राहतात, धूर नळीतून जातो. ही नळी कशी बांधायची यात बहुतेक जणांची चूक होते. लोक तिला खाली घट्ट करतात, वर घट्ट करतात, मध्येही सिमेंट ओततात. ४ मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी ३०० अंशांनी तापली की साधारण २० मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकं आवळली असतील तर ती वाढ जाणार कुठे? नळी मध्ये पोट काढते, सांधा उसवते किंवा वरची पट्टी उचलते. आणि भिंत तर आधीच मातीबरोबर हलतेय. म्हणून नळी वरून टांगायची, खालून मोकळी सोडायची. भिंत हलली तरी हिला फरक पडत नाही, आग वाढली तरी ही खाली सरकायला मोकळी असते.

कामाचा क्रम असा. आधी धुरांडं झाडून घ्यावं, मग वरून ओळंबा सोडावा. तो खालपर्यंत कुठेही न टेकता गेला तर सरळ पाइप चालतील. मध्ये टेकला, म्हणजे धुरांड्याला वाकण आहे, तर लवचीक स्टेनलेस नळी घ्यावी. त्याच दोरीनं उंची मोजावी आणि एक फूट जास्त धरावा. आत मोबाइलचा दिवा सोडून विटा पाहाव्यात. पडायला आलेली वीट आताच काढावी, नंतर ती नळीच्या आणि भिंतीच्या मध्ये अडकली की काढता येत नाही.

स्टेनलेसमध्ये ३०४ चालतं, ३१६ जास्त टिकतं, कारण निवलेल्या धुराचा रस आंबट असतो आणि ३१६ तो जास्त सोसतं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा लायनरला घेऊ नये. जस्त २०० अंशांच्या पुढे पापुद्रे सोडायला लागतं आणि ४१९ अंशांना वितळतं. धाब्याच्या वर, उघड्यावर, बाहेरच्या कवचाला तो ठीक आहे. चुलीतून निघणाऱ्या पहिल्या दोन-तीन फुटांना काळा पत्रा, १६ किंवा १८ गेजचा. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीला जी ॲल्युमिनियमची घडीची नळी लावतात ती इथे अजिबात नको. आणि शेवटच्या तीन फुटांना उरलेला पीव्हीसीचा पाइप लावलेला दिसतो, तो तर पहिल्याच लग्नघरच्या स्वयंपाकात मऊ होऊन मान टाकतो.

नळीवर एक इंच जाडीचं सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता अडवणारी लोकर, गुंडाळावं. बॉयलरचं सामान विकणाऱ्याकडे ते मिळतं, १२८ घनतेचं (घनमीटरला १२८ किलो) मागावं. ४ इंची नळी गुंडाळून ६ इंच होते, ९ इंचाच्या पोकळीत चारही बाजूंनी दीड इंच मोकळं राहतं. गुंडाळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाकावर मास्क हवा, कारण त्याचे तंतू कातडीत आणि छातीत जातात. वर स्टेनलेसची बारीक तार एकेक फुटावर आवळावी, म्हणजे ओढताना लोकर सरकत नाही. मग खालच्या टोकाला दोर बांधून एक जण वरून सोडतो, दुसरा खालून ओढतो. ओढणाऱ्यानं झटका द्यायचा नाही. अडकली तर थोडी वर घ्यायची, फिरवायची, परत सोडायची.

वर टांगण्यासाठी १८ गेजची स्टेनलेस पट्टी, विटांच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठी. मध्ये नळीच्या मापाचं भोक आणि त्याला उभी दोन इंची कॉलर. नळी कॉलरमधून वर काढायची आणि क्लॅम्पनं आवळायची. पट्टी विटांना चार स्टेनलेस अँकरनी बसवायची. नळीचं सगळं वजन या पट्टीवर येतं, म्हणून विटांचा वरचा थर खिळखिळा असेल तर तो आधी नव्यानं बांधून घ्यावा. खाली 'टी' आकाराचा जोड, त्याच्या आडव्या तोंडात चुलीचा पाइप, आणि तळाला झाकणाचा डबा. काजळी तिथे पडते. हा जोड भिंतीत चिणायचा नाही, भोवती नळीच्या वाढीला पुरेल एवढं, एक इंच, मोकळं ठेवून तिथे लोकर कोंबायची.

मातीच्या चुलीला पाइप जोडताना काळी माती वापरू नये. शेतातून टोपलंभर सहज मिळते म्हणून लोक तीच घेतात, आणि वाळली की ती पाइपापासून बोटभर सुटते. पांढरी माती, चाळलेली राख आणि बारीक वाळू, त्यात थोडा भुसा, हे मिश्रण दोन दिवस भिजवून लावावं. पहिला थर वाळल्यावर पडलेल्या भेगा दुसऱ्या पातळ थरानं बुजवाव्यात.

सांध्याचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण पत्र्याचं काम करणाऱ्यांशी सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. ते वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून चढवतात. धूर वर जातो तर तो फटीतून बाहेर येऊ नये, असा त्यांचा विचार. पण नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. फट राहिली तर चालत्या चुलीत धूर बाहेर येत नाही, बाहेरची गार हवा आत ओढली जाते आणि नळी निवते. खाली येतो तो डांबराचा रस. वरचा पाइप बाहेरून असेल तर हा रस सांध्यातून बाहेर ओघळतो. म्हणून वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत गेलं पाहिजे, पन्हाळीच्या नळाचं असतं तसंच. निदान दोन इंच आत. तीन स्क्रू, सारख्या अंतरावर, स्टेनलेसचे. रिबिट मारायचे तर स्टीलचे. सांध्यात फायर क्ले आणि सोडियम सिलिकेटचा लेप. खिडकीला लावतात ते पांढरं सिलिकॉन किंवा नळाला लावतात ती लांबी (पुट्टी) दोन्ही जळून जातात. आडवा पाइप तीन फुटांपेक्षा लांब नको, आणि त्याला चुलीकडून वर चढता उतार हवा, फुटाला पाव इंच. काटकोनी वाकणाऐवजी दोन ४५ अंशांची वाकणं घेतली तर काजळी कमी अडते.

विटांचं धुरांडं नाही, नुसतं धाबं आहे, अशी घरं जास्त. तिथे नळी धाब्यातून काढावी लागते, आणि हीच जागा आगीची. वरून माती दिसते, पण मातीच्या खाली पाल्याचा थर, त्याखाली किलचन, त्याखाली सागाच्या कड्या. चाळीस-पन्नास वर्षं तापून वाळलेलं हे लाकूड ठिणगीचीही वाट पाहत नाही. रोज थोडं थोडं तापत राहिलं तर त्याचा कोळसा होत जातो आणि एक दिवस ते कमी उष्णतेलाच धुमसायला लागतं. उघडा एकेरी पाइप लाकडापासून दीड फूट लांब पाहिजे. धाब्यात एवढी जागा नसते, म्हणून तिथे दुहेरी नळी: ४ इंची आतली, दोन इंच सिरॅमिक वूल, ८ इंची बाहेरची, आणि तिच्याभोवती लाकडापर्यंत आणखी दोन इंच रिकामी हवा. म्हणजे १२ इंचांचं भोक. ते दोन कड्यांच्या मध्येच पाडायचं. कडी कापायची नाही. अंतर पुरत नसेल तर चूल हलवा, कडीला हात लावू नका. भोकाच्या चारही बाजूंना पत्र्याची पेटी बसवायची, म्हणजे पाला आणि माती आत सरकत नाही. त्या दोन इंची पोकळीत भुसा, चिंध्या, पोती कोंबायची नाहीत. खालून आणि वरून पत्र्याची चकती पुरे.

नळी धाब्यावर तोलायची नाही, ती कड्यांवर आडव्या टाकलेल्या दोन लोखंडी अँगलवर, क्लॅम्पनं. बाहेरचं कवच तिथे घट्ट, आतली नळी मात्र त्यात मोकळी सरकली पाहिजे. धाब्याच्या मातीला सिमेंट धरत नाही, पहिल्या उन्हाळ्यात दोघांमध्ये फट पडते आणि पहिल्या पावसात ती गळते. पेटीच्या भोवती चुन्यात विटांचं सहा इंच उंच कडं बांधावं, पांढरी माती त्याला उतार देऊन चोपावी, आणि नळीवर घट्ट बसणारी पत्र्याची छत्री त्या कड्याच्या बाहेर दोन इंच आणावी. पत्र्याच्या छपरात भोक शक्यतो आढ्याजवळ घ्यावं, तिथे वरून वाहत येणारं पाणी कमी असतं. छत्रीची वरची कड वरच्या पत्र्याच्या खाली, खालची कड खालच्या पत्र्याच्या वर.

नळी धाब्याच्या वर निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, त्याहून दोन फूट वर. यापेक्षा बुटकी ठेवली की वारा भिंतीवर आपटून खाली वळतो आणि धूर परत चुलीत येतो.

वाऱ्याचं खानदेशात कोणाला सांगायला नको. रावेर-यावलच्या केळीच्या बागा मे-जूनच्या वादळात कशा आडव्या होतात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ८ इंची, ६ फूट उंच नळीवर ताशी १०० किलोमीटरचा वारा साधारण १५ ते २० किलोचा धक्का देतो, आणि तो तिच्या मध्यावर बसतो. पाच फुटांच्या वर नळी गेली की तीन ताण (आधाराच्या तारा) हवेत, वर्तुळात सारख्या अंतरावर, नळीच्या दोन-तृतीयांश उंचीवर क्लॅम्प लावून. १० गेजची गॅल्व्हनाइज्ड तार आणि प्रत्येक तारेला टर्नबकल (तार कमी-जास्त ताणायचा फिरकीचा जोड). ताणाची खालची टोकं धाब्यात खुंटी ठोकून बांधतात, ती पहिल्या ओल्या मातीत उपटून येतात आणि भोकातून पाणीही उतरतं. ती कठड्याच्या विटांत किंवा भिंतीवर टेकलेल्या तुळईच्या टोकाला गेली पाहिजेत. तार वीणेसारखी ताणू नये. हातानं दाबली तर बोटभर लवेल एवढीच.

टोपी आणि नळीचं तोंड यांत ३ ते ४ इंच मोकळे. जाळी १२ मिलिमीटरची. ती हवीच, कारण पऱ्हाटी ठिणग्या फार उडवते आणि कार्तिकापासून धाब्यावर कडबा, शेजारच्या खोलीत कापूस असतो. यापेक्षा बारीक जाळी महिन्यात काजळीनं बंद होते.

बायकांची एक तक्रार खरी असते आणि ती कारागीर ऐकून घेत नाहीत. धुरांडं चांगलं ओढायला लागलं की जाळ भांड्याखाली थांबत नाही, नळीत पळतो आणि लाकूड जास्त लागतं. खापराला तर आच पोचतच नाही. यासाठी चुलीच्या लगेच पुढे पाइपात झडप लागते. ती कधीही पूर्ण बंद होऊ नये. चकतीचा चौथा हिस्सा कापून टाकलेला असावा, म्हणजे कोणी विसरून बंद केली तरी निखाऱ्यांचा विषारी वायू घरात साठत नाही. भांडं आणि चुलीचा आतला तळ यांत पाऊण-एक इंचच अंतर ठेवलं तर जाळ भांड्याला घासून जातो, झडपेची गरजही कमी पडते.

पहिली आग लहान पेटवावी. लेप वाळायचा असतो, तीन दिवस रोज अर्धा तास थोड्या काड्या. जाळ चालू असताना उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ फिरवावी. धुराची रेघ सांध्याकडे ओढली गेली तर तिथे फट आहे. थंडीच्या पहाटे नळीत गार हवेचा दट्ट्या बसलेला असतो, आणि मे महिन्याच्या दुपारी धाब्याचं घर बाहेरपेक्षा गार असल्यानं ओढ उलटीही होते. दोन्ही वेळी आधी 'टी'च्या डब्याचं झाकण काढून तिथे कागदाचा बोळा पेटवावा. तो भडभड वर गेला की झाकण लावून मग चूल पेटवावी.

काजळी ३ मिलिमीटर झाली की नळी झाडायची. रोजची चूल असेल तर साधारण महिन्याला, पावसाळ्यात ओल्या गवऱ्या आणि दमट तुरखाट्या (तुरीच्या काड्या) जळतात तेव्हा पंधरा दिवसांनी. लवचीक नळीत लोखंडी ब्रश नको, नायलॉनचा. तो नसेल तर बारदानाचा घट्ट बोळा, दोराच्या मध्ये बांधलेला, एकानं वरून आणि एकानं खालून ओढायचा. चूल पेटवायला पीव्हीसीचा तुकडा टाकला तर त्यातलं आम्ल स्टेनलेसलाही छिद्रं पाडतं, आणि ठिबकच्या जुन्या नळीची काजळी डिंकासारखी बसते. बाभळीची ढलपी फोडून सहा महिने छपराखाली वाळलेली असावी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखण वाजले पाहिजेत.

नळीत काजळीच पेटली तर आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो आणि पाइप लाल होतो. वरून पाणी ओतायचं नाही. चुलीचं तोंड ओल्या राखेनं किंवा मातीनं बंद करायचं, झडप बंदच्या बाजूला फिरवायची, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं, धाब्यावरचा कडबा दूर ओढायचा आणि १०१ ला फोन करायचा. आग शांत झाल्यावरही त्या रात्री किलचनावर हात ठेवून पाहायचं, दर तासाला, कारण मातीखालचा पाला आवाज न करता धुमसतो. दुसऱ्या दिवशी वरची पट्टी सोडवून नळी पूर्ण बाहेर काढायची, उन्हात आडवी ठेवायची आणि एका टोकाकडून आत पाहायचं. उजेडाचा एक जरी ठिपका बाजूनं दिसला तरी ती नळी परत चढवायची नाही.